रात्री पोराची गादी रिकामी सापडते तेव्हा

खानदेशात मे महिन्यात घराच्या आत कोणी झोपत नाही. आमच्या शिंदखेड्यात दिवसा पारा ४३-४४ च्या खाली उतरत नाही आणि भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्याच राहतात. म्हणून इशाची नमाज झाली की गोधड्या, चटया, पाण्याचा माठ घेऊन सगळा मोहल्ला वर चढतो. पूर्वी मातीची धाबी होती, आता स्लॅबच्या गच्च्या आहेत, पण त्या तशाच एकमेकींना चिकटलेल्या आहेत. पलीकडच्या खालाच्या गच्चीवर जायला मधला हातभर उंचीचा कठडा ओलांडला की झालं. लहानपणी आम्ही याच वाटेने लोणच्याच्या वाट्या पोहोचवायचो.

२०२४ च्या मे महिन्यात माझा पंधरा वर्षांचा मुलगा याच वाटेने रात्री घराबाहेर पडला.

मी उठले ती सासूबाईंना पाणी द्यायला. पौर्णिमेच्या आसपासची रात्र होती, चांदणं लख्ख पडलं होतं. मुलाच्या गोधडीखाली उशी उभी लावलेली होती. सुरुवातीला मला हसूच आलं, कारण ही युक्ती माझ्या भावाने पस्तीस वर्षांपूर्वी सिनेमाला जाण्यासाठी केली होती. मग मोबाईल उशीखाली सापडला आणि हसू गेलं. खाली उतरले तर ओट्यावरची मोटारसायकल नव्हती. दीड वाजला होता.

त्याच आठवड्यात पुण्याची बातमी प्रत्येक घरात वाचली जात होती. १९ मे च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने बापाची महागडी पोर्शे गाडी भरधाव चालवून दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघेही मध्य प्रदेशातले, नोकरीसाठी पुण्यात आलेले. मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, त्यावर देशभर संताप झाला. दोन दिवसांत वडिलांना अटक झाली. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून आईलाही अटक झाली. आमच्या दुकानात गादी भरताना गिऱ्हाइकं याच्यावरच बोलत होती, आणि माझ्या मुलाचे अब्बा म्हणाले होते, "बड्या लोकांची पोरं, आपल्याकडे कुठे पोर्शे आहे?"

पोर्शे नव्हती, पण शंभर सीसीची मोटारसायकल होती आणि तिची चावी खुंटीला टांगलेली होती. कायद्याला दोन्हींत फरक नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातल्या कलम १९९-अ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण रोखायचा प्रयत्न केला होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावरच येते. चावी खुंटीला टांगून ठेवणाऱ्याने ते कसं सिद्ध करायचं?

मी त्याच्या अब्बांना उठवलं. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "खालची कडी लाव. राहू दे रात्रभर बाहेर, अक्कल येईल." सासूबाई अंधारातूनच म्हणाल्या, "कडी लावू नका. दार बंद दिसलं तर जाईल कुठे?" सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत, पण त्या रात्रीचा सर्वांत शहाणा निर्णय त्यांचा होता. दार उघडं राहिलं.

पावणेतीनला मुलगा आला. गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करून गाडी ढकलत आणली होती, म्हणजे जाताना कशी नेली असेल तेही कळलं. ओट्यावर अब्बांना बघून जागीच थांबला. "कुठे होतास?" "चहा प्यायला गेलो होतो. हायवेला." आणि त्याच क्षणी एक थप्पड बसली.

मुलगा रडला नाही. मान खाली घालून वर गेला आणि गोधडी डोक्यावर ओढून घेतली. अब्बा बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. मलाही तेव्हा वाटलं की बरं झालं, एक बसायलाच हवी होती. वाचक भगिनींनो, ते मी इथे कबूल करते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

सकाळी सात वाजता मुलाच्या वर्गमित्राची आई दारात उभी होती. ओढणी अर्धी खांद्यावर, अर्धी जमिनीवर. "माझा रात्रीपासून घरात नाही. तुमच्याकडे आलाय का?" माझा मुलगा मोरीपाशी तोंड धूत होता. त्याने ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नाही म्हणाला. ती बिचारी पुढच्या दाराला गेली.

तो खोटं बोलतोय हे मला कळत होतं. त्याच्या अब्बांनाही कळलं. या वेळी मात्र त्यांनी हात उचलला नाही. त्याला दुकानात नेलं, शटर अर्धं खाली ओढलं, कापसाच्या ढिगाऱ्यावर शेजारी बसवलं आणि आधी स्वतःबद्दल बोलले. "रात्री मी मारलं, ते माझं चुकलं. मी घाबरलो होतो. मला वाटलं तू रस्त्यावर पडला असशील." मग गप्प बसले. नऊ वाजायला आले होते तेव्हा मुलाने तोंड उघडलं.

मित्र सुरतला पळून गेला होता. दहावीचा निकाल चार-पाच दिवसांवर होता. गणिताचा पेपर बिघडलाय हे त्याने घरी सांगितलं नव्हतं, आणि बापाने नापास झालास तर घरात घेणार नाही असं बजावलं होतं. सुरतला आपल्या तालुक्यातली किती माणसं आहेत ते वाचकांना सांगायला नको. लिंबायत, उधना या भागात फिरलं तर अहिराणी कानावर पडते. गावातल्या कोणीतरी साडीच्या कारखान्यात काम मिळेल असं म्हटलं होतं. माझ्या मुलाने त्याला फक्त स्टेशनवर सोडलं, स्वतःजवळचे ईदीचे साडेतीनशे रुपये दिले, गाडी सुटेपर्यंत फलाटावर थांबला, आणि कोणाला सांगणार नाही अशी कसम खाल्ली.

हिशोब करून बघा. पावणेतीनला मुलगा घरी आला तेव्हा ती गाडी नंदुरबारच्या आसपास असेल. पुढे नवापूर, व्यारा, बारडोली. वाटेत इतकी स्टेशनं. रेल्वेचा १३९ हा मदतीचा नंबर आहे, त्यावर फोन केला असता तर रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांनी एखाद्या स्टेशनवर डबा तपासला असता. एकट्या पळालेल्या मुलांना गाड्यांमधून, फलाटांवरून शोधून परत पाठवण्याचं काम ते नेहमी करतात, 'नन्हे फरिश्ते' नावाने त्यांची मोहीमच आहे. आणि सुरतला मित्राचा मामा राहतो, तो फलाटावर उभा राहिला असता. पण नऊ वाजता आम्हाला कळलं, तेव्हा गाडी केव्हाच पोहोचली होती आणि मुलगा त्या शहराच्या गर्दीत कुठे गेला ते कोणालाच माहीत नव्हतं.

थप्पड मारली नसती तर त्याने पावणेतीनलाच सांगितलं असतं का? मुलगा म्हणतो, "कदाचित." मला वाटतं, सांगितलं नसतंही. पंधरा वर्षांच्या पोराला मित्राची कसम फार मोठी वाटते. पण थपडेनंतर ते विचारायची वाटच बंद झाली, एवढं खरं.

मुलांच्या बाबतीत आईबापांना जे माहीत असतं ते कुठून कळतं, यावर स्वीडनमध्ये हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर या दोन संशोधकांनी चौदा वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. तोवर सगळे समजत होते की पालक लक्ष ठेवतात, चौकशा करतात, नियम लावतात, म्हणून त्यांना माहिती मिळते. निघालं वेगळंच. पालकांना जे काही ठाऊक होतं त्यातलं बहुतेक मुलांनी आपणहून सांगितलेलं होतं. मोबाईल तपासून, मित्रांना खोदून विचारून आपण जे मिळवतो ते थोडंच असतं, आणि त्याच्यापायी जे आपणहून मिळणार होतं तेही आटतं.

मला या ठिकाणी याकूब (अ.) यांची आठवण येते. सूरह यूसुफ आपण किती वेळा ऐकतो, पण त्यात एका बापाची रात्र आहे याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. मुलं रात्रीच्या वेळी रडत घरी येतात, हातात खोटं रक्त लावलेला अंगरखा आणि तोंडात रचलेली गोष्ट. बाप खोटं ओळखतो. ओळखलंय हे तोंडावर सांगतोही. पण मारहाण नाही, घराबाहेर काढणं नाही, सुंदर सब्र एवढंच. आणि कितीतरी वर्षांनी हीच मुलं धाकट्या बिन्यामिनला सोबत न्यायला मागतात, तेव्हा तो पाठवतो, पण अल्लाहला साक्षी ठेवून पक्कं वचन घेतल्याशिवाय नाही. सब्र म्हणजे मुलाचं खोटं गोड मानून घेणं, असा अर्थ आपल्याकडे काही माता लावतात, तो या गोष्टीत कुठेच नाही.

मुलं हे करतात का, याचं उत्तर प्रत्येक वेळी संगत बिघडली असं देऊन चालत नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार होऊ लागतं, त्यामुळे दहा वाजता पेंगणारं लेकरू तेरा-चौदाव्या वर्षी बारापर्यंत टक्क जागं असतं. झोपेची गरज मात्र आठ ते दहा तासांची राहतेच. जागं असलेलं पोर, झोपलेलं घर आणि हातात मोबाईल, एवढं जमलं की बाकी काही लागत नाही. त्यात मित्र. अमेरिकेत लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ साली एक साधा प्रयोग मांडला होता. संगणकावर गाडी चालवायचा खेळ, पिवळा दिवा लागला की थांबायचं की दामटायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. एकटं असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. पाठीमागे दोन मित्र उभे केले की त्यांनी घेतलेला धोका जवळपास दुप्पट झाला. मोठ्या माणसांवर मात्र मित्रांचा तसा परिणाम झाला नाही. आपला मुलगा घरी शहाणा असतो आणि चौकात मूर्ख होतो, असं जे आपण म्हणतो, ते बरोबरच आहे.

आपल्या समाजात आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे रात्र काही वेळा घराबाहेर काढण्याचीच असते. रमजानमध्ये तरावीहनंतर मुलं मशिदीतून निघतात आणि सहरीपर्यंत चौकात असतात. आपण समाधानाने सांगतो की मुलगा मशिदीत आहे. शब-ए-बरातच्या रात्री मुंबई-दिल्लीत दुचाकींच्या शर्यती रोखायला पोलिसांना दरवर्षी बंदोबस्त लावावा लागतो, उलेमांना आवाहनं करावी लागतात. इबादतीच्या रात्रीच्या नावाखाली पोरगं कुठे आहे हे न विचारण्याची सवय आपणच लावून घेतली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अंधार पडताना लेकरांना घरात घ्यायला सांगितलं आहे आणि इशानंतरच्या गप्पा त्यांना आवडत नसत, हे सगळ्यांना पाठ असतं. मात्र इशानंतर अब्बा पानाच्या टपरीवर आणि भाईजान कट्ट्यावर, हे मुलगा रोज पाहतो.

मुलीच्या बाबतीत हेच घडलं तर? लिहायला जड जातं, पण टाळणार नाही. मुलगा रात्री बाहेर गेला तर पोरगेपणा, मुलगी गेली तर इज्जत. आणि मग मारणं, शाळा बंद, पंधरा दिवसांत मुलगा पाहून निकाह. अठरा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, हे बाजूला ठेवलं तरी या घाईत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ती स्वतःच्या मर्जीने गेली होती की कोणी बोलावलं म्हणून? एखादा फोटो, एखादी चॅट दाखवून कोणी धमकावत असेल तर ती भीतीपोटी जाते, आणि घरी सापडली की त्याहून मोठ्या भीतीत पडते. अशी धमकी देणाऱ्याची सगळी ताकद एकाच वाक्यात असते की तुझ्या घरी सांगेन. तिला घरातूनच आधार आहे असं कळलं की त्याच्या हातात काही उरत नाही. पोक्सो कायद्याखाली मुलीचा जबाब तिच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय, आणि तिची ओळख छापायला बंदी आहे. बदनामीच्या भीतीने गप्प बसणाऱ्या घरांना हे माहीत असायला हवं. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मूल स्वतःही लावू शकतं.

मित्राच्या घरी मागे वळते. त्याचा बाप पोलीस ठाण्यात जायला तयार नव्हता. गावात बोभाटा होईल, शिवाय चोवीस तास थांबावं लागतं असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. हा गैरसमज फार घरांत आहे. चोवीस तासांचा असा कोणताही नियम नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्येच सांगून ठेवलं आहे की अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण झालं असं धरून गुन्हा नोंदवायचा. माझ्या मुलाचे अब्बा त्याला हाताला धरून घेऊन गेले. माझा मुलगाही बरोबर गेला आणि जे होतं ते सगळं त्याने सांगितलं, मोटारसायकलसकट. तिथे त्याचे पाय लटपटत होते, असं त्याच्या अब्बांनी मला नंतर सांगितलं.

चार दिवस लागले. मामाने लिंबायतमध्ये खोल्या पालथ्या घातल्या. २६ तारखेला एका खोलीत आपल्याच तालुक्यातल्या सहा मजुरांबरोबर तो सापडला. हातावर भाजल्याची खूण होती, ती कशाची ते त्याने अजून सांगितलेलं नाही. २७ मे ला निकाल लागला. गणितात नापासच होता. जुलैच्या पुरवणी परीक्षेत पास झाला.

शिक्षेचं काय, असं बऱ्याच जणींनी मला विचारलं. केली. मोटारसायकलची चावी आता अब्बांच्या खिशात असते, रात्री उशीखाली. साडेतीनशे रुपयांचा हिशोब विचारला नाही, पण गाडी नेली म्हणून सुट्टीचा उरलेला महिना त्याला दुकानात कापूस पिंजायच्या यंत्रापाशी बसवलं. रोज दहा ते एक. ही शिक्षा कोणी बाहेरून ठरवली नाही, त्याच्याच समोर बसून ठरवली, आणि ती कधी संपणार तेही त्याच दिवशी सांगितलं. कधी संपणार ते सांगितलं नाही की मूल शिक्षा भोगत नाही, पळवाट शोधतं. मित्राशी बोलायचं बंद करायला आम्ही सांगितलं नाही. सासरची काही मंडळी त्यावर नाराज झाली. "तोच तर बिघडवतो." पण बिघडवायला तो आला नव्हता, तो मदत मागायला आला होता. माझ्या मुलाने ती चुकीच्या पद्धतीने केली.

आणि एक वचन घेतलं. दोन्ही बाजूंनी. त्याने असं म्हटलं की रात्री कुठे जायचं असेल तर विचारेन. आम्ही असं म्हटलं की तो कुठेही, कोणत्याही अवस्थेत अडकला आणि त्याने फोन केला, तर त्या रात्री एकही प्रश्न न विचारता न्यायला येऊ. प्रश्न दुसऱ्या दिवशी. हे दुसरं वाक्य त्याच्या अब्बांना फार जड गेलं. दोन दिवस म्हणत राहिले की ही तर ढिलाई आहे. मग एकदा वर गच्चीवर झोपताना आपणहून म्हणाले, "बरं. चालेल."

त्यानंतर एकदाच असा फोन आला, गेल्या रमजानमध्ये, रात्री सव्वाला. तरावीहनंतर पोरं तीन गाड्यांवर दोंडाईचाला निघाली होती. "अब्बा, मी यांच्याबरोबर गेलो नाही. चौकात एकटा आहे. येता का?" ते उठून गेले. येताना दोघांनी रस्त्यातल्या टपरीवर चहा घेतला, असं मला सहरीला कळलं.